नागोजीअण्णांची पोरं

नागोजीअण्णा भेटले की नमस्कार करत नसत. "हात द्या" म्हणायचे, मनगटावर दोन बोटं ठेवायचे, नजर घड्याळावर. पंधरा सेकंद झाले की आकडा सांगून हात सोडायचे. मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझीही नाडी त्यांनी अशीच पाहिली. मी लग्न होऊन साताऱ्याहून बंगळूरला आलेली, कानडीतलं एक वाक्य धड येत नव्हतं, आणि पांढऱ्या पँटमधले, पायात काही न घातलेले हे गृहस्थ सगळ्यांदेखत माझा हात मागत होते.

"ब्याण्णव," ते म्हणाले. "भिऊ नका, अक्का. पहिल्या दिवशी सगळ्यांची असते."

ते मराठीत बोलले याचंच मला इतकं नवल वाटलं की हात मागे घ्यायचं राहून गेलं.

त्यांचं पूर्ण नाव नागोजी राव. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मूळ आडनाव काय होतं ते घरात कुणालाच सांगता येत नसे. ते म्हणायचे, "तुमची मराठी पुस्तकातली, अक्का. आमची स्वयंपाकघरातली. तीही कानडीत भिजलेली." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणायचे, आणि मी त्यांना अण्णा. बाकी सगळे 'पीडी सर' म्हणत. फिजिकल डायरेक्टर म्हणजे कॉलेजचे खेळाचे मास्तर.

आमचं कॉलेज बसवनगुडीतल्या एका आडरस्त्यावर, दोन मजल्यांचं, जेमतेम सहाशे विद्यार्थ्यांचं. त्याला नाव नव्हतं की श्रीमंत पालक नव्हते. एकच गोष्ट होती, मुलांचा अ‍ॅथलेटिक्सचा संघ. तो फार पूर्वी रसायनशास्त्राच्या एका लेक्चररनी सुरू केला होता. त्यांना बांबू घेऊन उंच उडी मारायचा नाद होता, आणि एकट्याने उड्या मारणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी सात पोरं जमवली. नागोजीअण्णा पुढे त्याच संघात आठशे मीटर पळायचे. पदवी घेतली, बाहेर दोन वर्षं खेळाचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन तोच संघ हातात घेतला. तेव्हापासून त्यांनी दुसरं काही केलं नाही. मुलींचा संघ का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "कपडे बदलायला एक खोली मागितली," ते म्हणाले. "बावीस वर्षं झाली मागून."

मैदान म्हणजे कॉलेजच्या मागची मोकळी जागा. तिथे चारशे मीटरचा ट्रॅक बसणं शक्यच नव्हतं. अण्णांनी चुन्याने आखलेली फेरी दोनशे वीस मीटरची होती आणि तिच्या एका कोपऱ्यात होंगेचं, म्हणजे करंजाचं, मोठं झाड होतं. झाड तोडायचं नाही म्हणून त्या कोपऱ्यावर वळण फार आवळलेलं झालं होतं. रोज ते वळण घेऊन घेऊन आमची पोरं डावीकडे कलून पळायची. विद्यापीठाच्या स्पर्धेत बनियनचा रंग न बघताही लोक ओळखायचे. सरळ रस्त्यावर पळतानासुद्धा त्यांचा डावा खांदा खाली असे. दुसऱ्या कॉलेजचे मास्तर हसत. अण्णा म्हणत, "हसू द्या. त्यांना झाड नाही."

ते पोरांना शिट्टी वाजवून बोलवत नसत. टाळी वाजवायचे, एकच, आणि ती मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जायची. चपला मैदानाच्या कडेला काढून ठेवायचे. सराव संपला की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात कॉफी घ्यायचे, नेहमी 'बाय टू', एक कॉफी दोघांत. बरोबर कुणी नसलं तरी बाय टूच सांगायचे आणि समोरच्या टेबलावर जो कुणी बसला असेल त्याच्यापुढे अर्धी सरकवायचे. लोक घ्यायचे. बंगळूरच्या त्या भागात तेव्हा लोक अशी कॉफी घेत.

संघातली बहुतेक पोरं उत्तरेकडच्या जिल्ह्यांतली, रायचूर, कोप्पळ, यादगीर. स्वस्त हॉस्टेलात राहणारी. सकाळी पळणारी, दुपारी वर्गात झोपणारी. माझ्या इतिहासाच्या तासाला मागचा बाक त्यांचा होता. पहिल्या वर्षी त्यांतल्या चौघांची हजेरी कमी भरली आणि मी परीक्षेला बसू देणार नाही असं कळवलं. दुसऱ्या दिवशी अण्णा वर्गाबाहेर येऊन उभे. तास संपेपर्यंत तसेच उभे.

"अक्का, ही चौघं नापास झाली तर चालेल," ते म्हणाले. "बसूच दिलं नाही तर घरी जातील. घरी गेलेलं पोर परत येत नाही. मी बघितलंय."

"पण अण्णा, नियम आहे."

"आहे की. नियम मोडा म्हणतच नाही. तास घ्या त्यांचा. जादा. मी बसवतो."

मी रोज सकाळी साडेआठला मैदानाच्या पायरीवर बसून चौघांना इतिहास शिकवला, पंधरा दिवस. अण्णा शेजारी बसून ऐकत. चौघंही पास झाली. अण्णा मला म्हणाले, "त्या राजाचं पुढे काय झालं ते तुम्ही सांगितलंच नाही. पोरं विचारत होती." पोरं विचारत नव्हती. तेच विचारत होते.

त्याच चौघांनी पुढल्या वर्षी रिलेत रौप्यपदक आणलं. मी ते पाहिलं आहे. चार वेळा चारशे मीटर, चार पोरं आणि खिळ्यांचे बूट तीन जोड. पहिल्याने आपली फेरी संपवून काठी दिली आणि तो कडेच्या गवतावर आडवा पडला, तसे अण्णा त्याच्या पायांवर तुटून पडले. बुटाच्या नाडीची गाठ सुटेना तेव्हा त्यांनी ती दातांनी सोडवली. चौथ्या पोराने बूट घातले तेव्हा तिसरा शेवटच्या वळणावर आला होता. ती पोरं दुसरी आली. अण्णांच्या ओठाला रक्त लागलं होतं आणि ते त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. एरवी कमी हसणारा हा माणूस त्या दिवशी बसमध्ये अकारण हसत होता.

हे सगळं मी आधी सांगते आहे, कारण यानंतरचं सांगायला घेतलं की हे मागे राहतं.

हनुमंत संघात आला तेव्हा मला कॉलेजात आठ वर्षं झाली होती. रायचूरकडच्या एका खेड्यातला, काळा, सडपातळ, बोलायला अगदी कमी. पहिल्या वर्षभरात तो माझ्याशी एकदाच बोलला असेल, तेही पेन मागायला. अण्णा म्हणायचे की पाच हजार मीटरला असा पोरगा त्यांना तीस वर्षांत मिळाला नाही. विश्रांतीच्या वेळी त्याची नाडी अठ्ठेचाळीस होती. स्टाफरूममध्ये आले की ते हा आकडा पुन्हा पुन्हा सांगत.

त्याच सुमारास संस्थेच्या डोळ्यांत मैदान खुपू लागलं. मागे नवी इमारत बांधून त्यात मॅनेजमेंटचे वर्ग सुरू करायचे ठरत होतं. अण्णा सेक्रेटरींना भेटायला गेले. परत आले ते माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"सेक्रेटरी म्हणतायत, विद्यापीठात यंदा एक सोनं आणा. मग मैदानाचं बघू."

"आणि नाही आलं तर?"

"आणू की. हनुमा आहे."

विद्यापीठाची स्पर्धा एरवी थंडीत व्हायची. त्या वर्षी ती काही कारणाने पुढे गेली आणि एप्रिलमध्ये आली. पाच हजार मीटर सकाळी सातला होतं. पण पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय शर्यती सुरू करायच्या नाहीत असं ठरलं, आणि पाहुणे साडेदहाला आले. मग भाषणं. पाच हजारची शर्यत सुरू झाली तेव्हा साडेबारा वाजले होते. मी इतर चार शिक्षकांबरोबर मांडवात बसले होते. मांडवातही डोकं भणभणत होतं.

हनुमंत पहिल्यापासून पुढे होता. डावा खांदा खाली, नजर समोर. साडेबारा फेऱ्यांची शर्यत. दहाव्या फेरीपर्यंत त्याने बाकीच्यांना पाऊण फेरी मागे टाकलं होतं. अकराव्या फेरीत तो आमच्यासमोरून गेला तेव्हा माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "याला घाम कसा येत नाही?" मला ते कौतुक वाटलं. अण्णा रेषेबाहेर उभे राहून ओरडत होते, "ओंदूवरे, हनुमा, ओंदूवरे." दीड फेरी उरली, असं ते सांगत होते.

बाराव्या फेरीत, समोरच्या बाजूला, तो ट्रॅकवरून आत गवताकडे वळला. तो वाट चुकला आहे असंच वाटलं. मग तो पडला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. ऑटोत घालून नेलं, अण्णांच्या मांडीवर त्याचं डोकं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. एकोणीस वर्षांचा होता.

चार दिवसांनी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. प्राचार्य, सेक्रेटरी आणि टिपण घ्यायला मी. खिडकीबाहेर मैदान रिकामं होतं. अण्णा आले आणि उभेच राहिले. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत. कानडीत बोलले, सावकाश.

"स्पर्धेच्या सकाळी हनुमाने मला सांगितलं, दोन दिवस ताप आहे, उलटी झाली. मी हात धरला. नाडी शंभराच्या वर होती. त्याची अठ्ठेचाळीस असते. मला कळलं. मी म्हटलं, पळ. नाही जमलं तर बाहेर ये. तो बाहेर येणारा पोर नाही, हे मला माहीत होतं."

सेक्रेटरींनी प्राचार्यांकडे पाहिलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "पीडी सर, तुम्ही दुःखात आहात. घरी जा."

"मी सांगितलं ते लिहिलं का?"

"लिहितायत मॅडम. जा तुम्ही."

अण्णा गेल्यावर प्राचार्यांनी मला मजकूर सांगितला. आजारपणाची कल्पना विद्यार्थ्याने कोणालाही दिली नव्हती. माझं पेन थांबलं. "लिहा मॅडम," ते म्हणाले, आणि आवाज चढवला नाही. "यात त्यांचंही भलं आहे. पोलीस हाच कागद मागतील." ते खरंच होतं. आणि मला नोकरीत कायम करायचा कागद सेक्रेटरींच्या टेबलावर सहा महिने पडून होता, हेही खरं होतं. मी ते वाक्य लिहिलं. नीट, सरळ ओळीत.

टिपण सह्यांसाठी फिरलं. अण्णांनी स्टाफरूममध्ये उभं राहून ते शेवटपर्यंत वाचलं. सही केली नाही. कागद माझ्यासमोर ठेवला.

"अक्का, अक्षर सुरेख आहे तुमचं," ते म्हणाले.

त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो शोधूनही सापडला नसता असा त्यांचा आवाज होता. ते मैदानाकडे न जाता रस्त्याच्या दाराने घरी गेले.

कॉलेजतर्फे दोघांनी हनुमंताच्या गावी जाऊन यायचं ठरलं. मुलाच्या आईला भेटायला कुणी बाई हवी म्हणून प्राचार्यांनी मला पाठवलं. अण्णा स्वतःहून निघाले होते, त्यांना नको म्हणायची सोय नव्हती. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि अकरा तासांत दहा वाक्यं बोललो असू. एका थांब्यावर ते दोन कॉफ्या घेऊन आले. दोन, पूर्ण. मला ते पाहवलं नाही.

हनुमंताचे वडील शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीतच मशीन. आम्ही गेलो तेव्हा ते शाळेचे गणवेश शिवत होते. शाळा उघडायच्या आत द्यायचे होते. आम्हाला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा मशीनवर बसले. आई आतल्या दारात उभी होती. ती बाहेर आली नाही. माझं तिच्याजवळ जाऊन बसायचं काम होतं, आणि मी बसल्या जागेवरून उठले नाही.

कॉलेजचं पत्र त्यांना मिळालं होतं. ते खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत होतं. अण्णांनी मशीनच्या आवाजावर आवाज न चढवता बोलायला सुरुवात केली आणि चौकशीत सांगितलं तेच शब्दाशब्दाने सांगितलं. ताप, उलटी, नाडी, पळ. मध्येच कधीतरी मशीन थांबलं.

"पत्रात तर लिहिलंय कुणाला सांगितलं नव्हतं," वडील म्हणाले.

"पत्र चुकीचं आहे."

"कुणी लिहिलं?"

मी सतरंजीच्या रेघा बघत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कॉलेजने," ते म्हणाले.

 वडिलांच्या हातात खाकी कापडाची अर्धी चड्डी होती. ती ते सरळ करत राहिले.

"लहान होता तेव्हा विंचू चावला होता," ते शेवटी म्हणाले. "दिवसभर बोलला नाही. पाय सुजला तेव्हा आम्हाला कळलं. दुखलं-खुपलं कधी सांगायचा नाही. आईलाही नाही." त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "तुम्हाला त्याने सांगितलं."

एवढंच. शिवी नाही, शाप नाही, जा म्हणणंही नाही. त्यांनी कापड सुईखाली घातलं आणि मशीन सुरू केलं. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो आणि उठलो. बाहेर आल्यावर अण्णा भिंतीला हात टेकून उभे राहिले. मी त्यांना इतकं म्हातारं त्याआधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, चौकशीचं टिपण दुरुस्त करावं म्हणून. त्यावर 'मिळाले' असा शिक्का बसला. पुढच्या वर्षी पुन्हा दिला. पुन्हा शिक्का. पोलिसांनी कॉलेजचा कागद घेतला आणि प्रकरण मिटवलं. मी कायम झाले.

संघ त्यांनी एका दिवसात सोडला. पोरं सकाळी मैदानावर येऊन वाट बघायची. पाचसहा दिवस आली. मग त्यांचा कप्तान अण्णांच्या घरी गेला. तो नंतर मला सांगत होता, "सर दारातच उभे राहिले. म्हणाले, माझ्याकडे येऊ नका. मला तुमची नाडी कळते, आणि कळून मी काय करतो ते तुम्ही बघितलंय." दोघंतिघं दुसऱ्या कॉलेजात गेली. एक घरी गेला तो परत आला नाही. पुढच्या स्पर्धेला आमच्या कॉलेजचं नाव यादीत नव्हतं. रसायनशास्त्राच्या त्या लेक्चररनी सात पोरं जमवून सुरू केलेलं असं संपलं, आणि त्यासाठी कुणाला सही करावी लागली नाही.

अण्णांची नोकरी सहा वर्षं उरली होती. ती त्यांनी फाटकाशी उभं राहून ओळखपत्रं तपासण्यात आणि कॅरमच्या स्पर्धा भरवण्यात घालवली. पायात बूट घालू लागले. कुणाचा हात धरत नसत. नव्याने आलेल्या शिक्षकांना ते कधीकाळी धावपटू होते हे ठाऊकही नव्हतं. नव्या इमारतीसाठी झाड तोडलं त्या दिवशी मशीन-करवतीचा आवाज सगळ्या वर्गांत येत होता. मी तास अर्धा सोडून खाली गेले. अण्णा फाटकाशी आपल्या जागी होते, एका मुलीच्या ओळखपत्रावरचा फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून बघत होते.

"अण्णा, झाड," मी म्हटलं.

"हं. आता वळण सोपं होईल," ते म्हणाले आणि ओळखपत्र तिला परत दिलं.

निवृत्तीनंतर त्यांच्या पत्नी गेल्या आणि मुलगा त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, आपल्याकडे घेऊन गेला. आमचं भेटणं थांबलं. मग मागच्या वर्षी कॉलेजच्या महोत्सवाची स्मरणिका निघायची होती. नव्या प्राचार्यांना जुनं काही माहीत नव्हतं. त्यांना कपाटात पदकांचा एक डबा सापडला होता. "मॅडम, तुम्ही इतिहासाच्या," ते म्हणाले. "मुलांच्या अ‍ॅथलेटिक्सवर तुम्हीच लिहा."

मी बेळ्ळंदूरला गेले. बसवनगुडीहून पोचायला दोन तास लागले. अकराव्या मजल्यावर अण्णा बाल्कनीत बसले होते, खूप वाळलेले. पोटाचा आजार आहे, उपचार चालू आहेत, असं सुनेने दारातच हळू आवाजात सांगितलं. मी कशासाठी आले ते ऐकल्यावर ते जरा सरळ बसले. मग तीन तास बोलले. कोण कुठल्या वर्षी किती पळला, कुणाच्या पायात काय दोष होता, कोण आता पोलिसात आहे, कोण दारूने गेला. रिले सांगताना ओठाला हात लावला. आणि हनुमंताचं वर्ष आलं तेव्हा थांबले.

"लिहिणार असाल तर सगळं लिहा, अक्का. नाहीतर पोरांच्या नावांची यादी छापा. ती पुरे."

मी सगळं लिहिलं. चौकशीचं टिपण कुणी लिहिलं तेही लिहिलं. प्राचार्यांनी वाचलं आणि मला बोलावलं. सभ्य माणूस, तरुण. "मॅडम, हा एक परिच्छेद जरा काढू या," ते म्हणाले. मी म्हटलं, मग सगळंच काढा. त्यांनी सगळंच काढलं. स्मरणिकेत मुलांच्या संघाचा एक जुना फोटो आहे आणि खाली दोन ओळी आहेत, की पुढे जागेअभावी हा उपक्रम बंद पडला.

माझे टाईप केलेले कागद घेऊन मी पुन्हा बेळ्ळंदूरला गेले. मार्चची सकाळ होती. अण्णांनी चष्मा लावून वाचायला घेतलं. प्रत्येक पान दोनदा वाचत होते. मी सुनेने दिलेलं सरबत पीत बसले. शेवटी त्यांनी पेन मागितलं. 'नाडी शंभराच्या वर होती' हे खोडून त्यांनी समासात लिहिलं, एकशे आठ.

"चौकशीत मी शंभराच्या वर म्हटलं," ते म्हणाले. "एकशे आठ होती. तेवढं त्या दिवशी तोंडातून निघालं नाही."

मग पेन, टिपण कुणी लिहिलं त्या ओळीतल्या माझ्या नावावर आलं. "हे काढू?"

"राहू दे, अण्णा."

"तिकडे, गावी, मी सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग कागद एकावर एक ठेवून त्यांनी माझ्याकडे दिले. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मला काहीतरी बोलायचं होतं. इतकी वर्षं जमवून ठेवलेलं होतं. पण त्यांना दम लागला होता, आणि मीही पुन्हा एकदा गप्प बसले.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. म्हणून ती सकाळ ही शेवटची.

मी निघाले तेव्हा सून नको म्हणत असताना ते लिफ्टने माझ्याबरोबर खाली आले. फाटकापर्यंत आले. माझी ऑटो रिंग रोडच्या गर्दीत अडकली होती, म्हणून मी म्हटलं, तुम्ही जा वर, ऊन आहे. ते वळले. फाटकाच्या गजांतून मला ते दिसत होते. इमारतीभोवती रहिवाशांना पळायला लाल रंगाचा पट्टा केलेला आहे. त्यावर एक चाळिशीचा माणूस पळत होता, एकटाच. दुपारचे बारा वाजून गेलेले. त्याचा चेहरा लालभडक, तोंड उघडं, कानात गाणी, आणि पाऊल जागेवर पडत नव्हतं.

अण्णा लिफ्टकडे गेले नाहीत. ते पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. तो माणूस आला, वेग कमी न करता त्यांना वळसा घालून पुढे गेला. अण्णा काहीतरी बोलले, त्याला ते ऐकू गेलं नसावं. त्यांनी हात खाली घेतले. तिथेच वळून ते इमारतीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. तो पुन्हा तिथूनच येणार होता. वॉचमन त्यांना आजोबा म्हणून हाक मारत होता, "ताता, बाजूला व्हा."

माझी ऑटो आली. मी बसले. ऑटो वळताना फाटकातून पाहिलं, तेव्हा त्यांनी हात पुन्हा पसरले होते.